न केलेली खूण

तिला घरात सगळे धाकटी म्हणत. थोरले म्हणवणारे एकेक करून निघून गेले, हाक मारायला दादाची बायको तेवढी उरली, केस कानांमागून पांढरे होत होत कपाळापर्यंत आले, तरी नाव काही मोठं झालं नाही. लहानपणी चिकटलेली नावं अशीच असतात, मेली निघता निघत नाहीत. नोकरीत मात्र उलटा प्रकार. तिथे तिला नावच नव्हतं. ज्यांचा लॅपटॉप बिघडे त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट उघडे, तिच्यात 'सहायक लिहीत आहे' अशी फिकट ओळ येई, आणि ती फिकट ओळ म्हणजे आमची धाकटी.

नोकरी घरातूनच होती. खिडकीशी टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, खुर्चीच्या पाठीला बांधलेली उशी आणि चहाचा कप एकाच जागी ठेवून ठेवून पडलेला गोल डाग. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसे. जिन्याला मजल्यामजल्यावर काच होती, त्यामुळे वर जाणारं माणूस एका काचेत दिसे, नाहीसं होई, आणि जरा वेळाने वरच्या काचेत उगवे. कोण धापा टाकत चढतं, कोण मधल्या वळणावर थांबून फोन बघतं, कुणाच्या हातात नेहमी जड पिशव्या असतात, हे सगळं धाकटीला पाठ होतं. नाव मात्र एकाचंही ठाऊक नव्हतं.

कंपनीने दुखणी वाटून दिली होती. कुणाकडे प्रिंटर, कुणाकडे कॅमेरा, कुणाकडे आवाज. धाकटीच्या वाट्याला कीबोर्ड आला होता आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक लिहिणार, "कीबोर्ड वेडा झालाय, आपोआप रिकामी जागा सोडत सुटलाय," आणि ही विचारणार, "दुसरा एखादा कीबोर्ड जोडलेला आहे का? त्याच्यावर काही ठेवलंय का?" मग तिकडे शोधाशोध होऊन फायलींच्या ढिगाखालून जुना कीबोर्ड निघे, त्याचं लांब बटण दबून बसलेलं. एका बाईंचा कीबोर्ड रोज दुपारीच बिघडे. ती त्यांच्या मांजराची झोपायची वेळ निघाली. अशा वेळी धाकटी एकटीच खुर्चीत बसून खो खो हसे, आणि हसून झाल्यावर खोली आधीपेक्षा जास्त शांत वाटे.

पण हे झाले किरकोळ आजार. खरं दुखणं ड्रायव्हरचं. कीबोर्ड चालेनासा झाला की लोक बटणांवर राग काढतात, उलटा करून झटकतात, फुंकर मारतात, एखादा तर बुक्कीच घालतो. बटणं बिचारी निर्दोष असतात. बटण आणि कॉम्प्युटर यांची थेट बोलाचाल नसतेच मुळी. दोघांच्या मधे ड्रायव्हर नावाचा एक छोटासा प्रोग्राम बसलेला असतो. भांडलेल्या दोन भावांच्या मधे एखादी काकू 'तो असं म्हणाला' आणि 'त्याला असं सांग' करत निरोप पोचवते ना, तसा. काकू भली असली की घर चालतं. काकू बदलली, नवीला या घरची रीत कळेना, की दोन्ही भाऊ ठणठणीत असून घर मुकं.

आणि काकू बदलायचा दिवस ठरलेला असे. महिन्यातून एकदा लॅपटॉप आपणहून नव्या गोष्टी उतरवून घेत, त्याला अपडेट म्हणायचं. त्या भरात चांगला चालता ड्रायव्हर निघून त्याच्या जागी नवा कोरा येई, आणि हा नवा शहाणा काही लॅपटॉपांच्या बटणांना ओळखच दाखवत नसे. उपाय तसा सोपा होता. धाकटी आपल्या टेबलावरून गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचा ताबा घेई, नवा ड्रायव्हर काढून मागचा परत बोलावी, लॅपटॉप बंद करून चालू करायला लावी, आणि शेवटी एका छोट्या चौकोनात बरोबरची खूण करी: या कीबोर्डचा ड्रायव्हर आपोआप बदलू नये. ती खूण केली की दुखणं मुळातून गेलं. राहिली, तर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच दळण.

आता धाकटीची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या खोडीपायी झालं. तिला कारणाशिवाय कुणाशी बोलताच येत नसे. लहानपणी घरात फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे जाऊन करायचा, आणि वडील बाजूला उभे राहून सांगायचे, "काम सांग आणि ठेव." ते तिच्या अंगात असं मुरलं की पुढे स्वतःचा फोन हातात आला तरी काम सांगून झाल्यावर काय बोलायचं ते तिला सुचत नसे. दादा होता तोवर ठीक होतं. त्याचा कॉम्प्युटर सतत बिघडे. तो ओरडे, "धाकटे, हे धूड पुन्हा बंद पडलं!" आणि ते धूड दुरुस्त होईस्तोवर बहीणभाऊ जगभरच्या गप्पा मारून घेत. दादा गेला आणि उरली वहिनी. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहायची. धाकटी तिला फोन करायची आणि विचारायची, "वहिनी, दादाचा प्रिंटर चालतोय ना?" वहिनी म्हणायची, "चालतोय बाई." मग दोघी जरा वेळ गप्प, आणि मग, "बरं, ठेवते." पुढे वहिनीने तो प्रिंटर कुणाला तरी देऊन टाकला. त्या दिवसापासून धाकटीकडे फोन करायला कारणच उरलं नाही, आणि तिने तो केला नाही.

औषधवाले तिला भेटले ते अशाच एका अपडेटच्या दिवशी. भेटले म्हणजे चौकटीत. चौकट उघडली, पण तिच्यात काही येईना. धाकटीने परवानगी मागून त्यांच्या स्क्रीनचा ताबा घेतला तेव्हा तिला दिसलं, की गृहस्थ माऊसने लिहितायत. कीबोर्ड मेला की स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र उघडता येतं, आणि त्यातल्या एकेका अक्षरावर बाण नेऊन टिचकी मारायची. हा बाण थरथरत एका अक्षरापाशी जाई, थबके, टिचकी मारी, पुढच्याच्या शोधात निघे, वाट चुके, मागे येई. बऱ्याच वेळाने वाक्य पुरं झालं: "माझा आवाज गेला."

"सर, आवाजाचा विभाग वेगळा आहे. मी कीबोर्ड बघते," धाकटीने कंपनीच्या सभ्यतेने लिहिलं.

बाण पुन्हा फिरायला लागला. "मला कीबोर्डच हवा," असं त्याने जुळवलं.

धाकटीने मागचा ड्रायव्हर बसवला. लॅपटॉप पुन्हा चालू झाला आणि त्या चौकटीत शब्द असे धावत आले, की इतका वेळ दाराबाहेर ताटकळत उभे असावेत. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. आता ते लिहीत आणि लॅपटॉप मोठ्याने वाचून दाखवी. मुलाशी, डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, सगळ्यांशी असंच. बोलता येत नाही त्याला महागाचा फोन कशाला, म्हणून घरात साधा बटणांचा फोन होता, तोही आलेले निरोप वाचण्यापुरता. "तेव्हा हा कीबोर्ड म्हणजे माझी जीभ आहे," त्यांनी लिहिलं. "आणि ती सकाळपासून लुळी पडली होती. आणि हो, सर म्हणू नका. मी जन्मात कुणाला काही शिकवलं नाही. औषधाच्या दुकानात उभा राहिलो आणि डॉक्टरांची अक्षरं लावता लावता टक्कल पडलं."

"मग काय म्हणू?"

"औषधवाले म्हणा. गल्लीतली पोरंही तेच म्हणतात. आणि तुम्ही, सहायकताई, तुमच्या कीबोर्डने माझ्या घरात लिहिता येत होतं आणि माझ्या कीबोर्डने येत नव्हतं, हा काय न्याय झाला?"

धाकटीला हसू आलं. हसण्याच्या नादात तिने काम संपल्याची नोंद केली, चौकट बंद झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खूण करायची राहिली. त्या वेळी ती खरोखरच राहिली होती. काम संपल्यावर सहायकाने आपणहून गिऱ्हाइकाला गाठायचं नाही, असा कंपनीचा दंडक होता. गिऱ्हाईक आलं तर बोलायचं.

गिऱ्हाईक पुढच्या अपडेटला आलं. 'मागच्याच सहायकाशी बोलायचे आहे' असं एक बटण असतं, ते सहसा कुणी दाबत नाही. औषधवाल्यांनी दाबलं होतं. धाकटीने ड्रायव्हर मागे नेला, सगळं सुरळीत झालं, आणि तिचा बाण त्या छोट्या चौकोनावर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात औषधवाल्यांनी लिहिलं, "जेवलात का?"

प्रश्न साधाच होता. पण तो तिला किती दिवसांत कुणी विचारला नव्हता, हे आठवायला गेली तर तिला आठवेना. ती लिहायला लागली, की जेवले, बटाटे जरा करपले. मग बटाटे का करपले, यावर बोलणं गेलं. ते संपलं तेव्हा बाण चौकोनावर तसाच उभा होता. धाकटीने तो अलगद बाजूला नेला. पुढच्या वेळी करू, तिने मनाशी म्हटलं. आपल्या मनाला थाप मारणं फार सोपं असतं, ते उलटतपासणी करत नाही.

पुढच्या वेळीही तिने केली नाही. त्याच्या पुढच्या वेळी तर तिने तो चौकोन बघितलाच नाही. एरवी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची, "अडीअडचणीला वायरचा एक साधा कीबोर्ड घरात असू द्या. तो वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो, त्याला काही होत नाही." औषधवाल्यांपाशी हे तिच्या बोटांवर यायचं आणि ती ते गिळून टाकायची. दुखणं तर काही फार नव्हतं. महिन्यातला एक दिवस, तोही ती तासाभरात बरा करून देत होती. यात कुणाचं काय जातं?

अपडेटचा दिवस आला की बाकीचे सहायक कपाळाला हात लावत. धाकटी त्या दिवशी उठून केस नीट विंचरी. बघणारं कुणी नव्हतं, चौकटीत फिकट ओळ येणार, तरी विंचरी. खुर्चीवरची उशी थोपटून सारखी करी, चहा जास्त ठेवी. आणि संध्याकाळकडे तो थरथरता बाण दिसला की तिला दारात कुणीतरी आल्यासारखं वाटे.

औषधवाले गप्पिष्ट होते. देवाने त्यांची वाचा काढून घेतली ती बहुधा फार वापरली म्हणून, असं धाकटीने एकदा धीर करून लिहिलं, तर ते म्हणाले, "छे हो! मी लहानपणी भलताच बुजरा. माझं सगळं दादा बोलायचा." त्यांचा हा दादा त्यांच्याहून बराच मोठा होता आणि दुसऱ्या गावी आपल्या मुलीकडे राहत होता. "दुकानात मला काय हवं ते दादा सांगायचा. शाळेत मला का उशीर झाला ते दादा सांगायचा. मुलगी बघायला गेलो तेव्हाही सगळं तोच बोलला. शेवटी मुलीनेच विचारलं, लग्न नक्की कुणाशी करायचंय?"

धाकटीला चहाचा ठसका लागला.

"आता त्याची नजर गेलीय आणि माझा आवाज," औषधवाल्यांनी पुढे लिहिलं. "दोघं मिळून एक धड माणूस भरतो. पुतणी त्याला लॅपटॉपसमोर बसवते, मी इकडे लिहितो, आणि हे यंत्र त्याला ऐकवतं. यंत्राचा आवाज इतका सभ्य, की दादा विचारतो, हा कोण साळसूद माणूस माझ्या भावाच्या घरात शिरलाय?" मग त्यांनी लिहिलं, "एकदा त्याच्याशी नीट बोलायचंय. जन्मभर माझ्या वतीने तो बोलला. एकदा मी बोलेन, तू ऐक, असं सांगायचंय."

"मग सांगा की," धाकटीने लिहिलं.

"सांगेन. अजून बुजतो."

त्या रात्री धाकटीला आपला दादा फार आठवला. तिने फोन हातात घेतला, वहिनीच्या नावापर्यंत गेली, आणि काय विचारायचं ते न सुचून फोन पुन्हा उशीशेजारी ठेवला.

पुढचं अपडेट वाईट निघालं. त्यात आणखी बऱ्याच लॅपटॉपांचे कीबोर्ड आडवे झाले आणि दुपारपासून धाकटीच्या स्क्रीनवर नावांची रांग लागली. रांगेत मधेच औषधवाल्यांचं नाव उगवलं. एरवी ते संध्याकाळी येत, आज लवकर आले होते. धाकटी मनातल्या मनात म्हणाली, आले वाटतं. मग तिने जे केलं ते तिच्या मते मायेने केलं. आत्ता घेतलं तर मागची माणसं खोळंबणार, घाईघाईत बोलावं लागणार, करपलेल्या बटाट्यांपर्यंत गाडी पोचायचीच नाही. त्यापेक्षा सगळ्यांना वाटेला लावू आणि मग निवांत बसू. सहायकाला रांगेतलं नाव पुढेमागे करता येतं. तिने औषधवाल्यांचं नाव उचलून सगळ्यांच्या शेवटी ठेवलं.

मग ती कामाला भिडली. एकाने कीबोर्डवर कॉफी सांडून ड्रायव्हरच्या नावाने शंख केला होता, त्याला तिने गोड शब्दांत जागेवर आणलं. एकीला लॅपटॉप बंद करून चालू करायचा म्हणजे झाकण लावून उघडायचं असं वाटत होतं. एकाचं तर काहीच बिघडलं नव्हतं, सगळ्यांचा बिघडला म्हणून त्याने चौकशी केली होती. ओळीने एकेक नाव निकालात निघालं. समोरच्या जिन्यात दिवे लागले. धाकटीने चहा गरम करून आणला, उशी सारखी केली, आणि शेवटच्या नावाकडे वळली.

नाव रांगेत नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: गिऱ्हाइकाने प्रतीक्षा सोडली.

कंटाळले असतील, ती म्हणाली. उद्या येतील. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कीबोर्ड बंद म्हणजे त्यांचं तोंड बंद, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला त्यांना विचारायची सोय नव्हती. चहाचा कप त्या गोल डागावर थंड होई. मांजरवाल्या बाई पुन्हा आल्या तर तिला हसूसुद्धा आलं नाही.

आठवडा उलटत आला तेव्हा दुपारी चौकट उघडली आणि त्यांचा बाण दिसला. आज तो थरथरत नव्हता, नुसता हळू चालत होता. "ताई, वेळ आहे का?" एवढं लिहायला त्याला बराच वेळ लागला.

धाकटीने ड्रायव्हर मागे नेला. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. मग त्यांनी कीबोर्डने लिहिलं.

"दादा गेला. त्या दिवशी दुपारी पुतणीचा निरोप आला, काका, लगेच लॅपटॉप उघडा, बाबांना तुमच्याशी बोलायचंय. डॉक्टर म्हणाले फार वेळ नाही. मी उघडला, तर बटणं बंद. तुमच्याकडे नंबर लावला. मग माऊसने लिहायला बसलो. हात ऐकत नव्हता. पुतणी म्हणाली, काका, कागदावर लिहून दाखवा, मी त्यांना वाचून सांगते. पण काही गोष्टी पुतणीच्या तोंडून सांगायच्या नसतात हो. मी 'दादा' एवढं जुळवलं. यंत्राने ते म्हणून दाखवलं. दादा म्हणाला, 'बोल.' कान कॅमेऱ्याकडे करून बसला. मी अक्षरं शोधत होतो. तो पुन्हा म्हणाला, 'बोल रे.' मग त्याला झोप लागली. पहाटे गेला."

मग त्यांनी आणखी लिहिलं, "तुमचा दोष नाही. रांग मोठी होती, मला दिसत होतं."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. 'बोल रे' म्हणणारा तो दादा तिने कधी पाहिला नव्हता, आणि आता तो कान पुढे करून तिच्याच टेबलासमोर बसला होता. तिने बाण त्या छोट्या चौकोनावर नेला आणि खूण केली. एक टिचकी. जांभई द्यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

"आता हे पुन्हा बिघडणार नाही," तिने लिहिलं.

"म्हणजे कायमचं?"

"हो."

"असं करता येत होतं?"

या प्रश्नावर कंपनीकडे एक तयार उत्तर होतं. बटण दाबलं की आपोआप उमटे: आमच्या तज्ज्ञांनी यावर नुकताच नवा उपाय शोधला आहे. धाकटीचा बाण त्या बटणापर्यंत गेला. औषधवाल्यांनी ते खरं मानलं असतं, वर तज्ज्ञांचे आभारही मानले असते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून गप्पाही मारल्या असत्या. तिला ते लख्ख दिसत होतं. तिने हात मागे घेतला आणि स्वतःच्या बोटांनी लिहिलं.

"पहिल्याच दिवशी करता येत होतं. तेव्हा विसरले. नंतर मुद्दाम केलं नाही. ती खूण केली असती तर तुम्ही परत आला नसतात. आणि त्या दिवशी तुमचं नाव मीच रांगेत शेवटी ठेवलं, म्हणजे तुमच्याशी निवांत बोलता येईल म्हणून."

तिकडून लिहायला सुरुवात झाल्याची खूण दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली. धाकटी खुर्चीत आखडून बसली होती. समोरच्या जिन्यातून पिशव्यांवाली बाई वर चढली, एका काचेत, मग दुसऱ्या काचेत, मग नाहीशी झाली.

अखेर उत्तर आलं. "दादाचं वय झालं होतं, मनाला लावून घेऊ नका, असं मी लिहायला हवं. आज मला ते लिहवत नाही."

आणि खाली आणखी एक ओळ आली. "मी घरात एकटा असतो. दिवसभर रिकामा असतो. बोलायचं होतं तर नुसतं बोलायचं होतं, ताई. त्याला काही बिघडावं कशाला लागतं?"

चौकट बंद झाली. बंद त्यांनी केली होती.

पुढच्या अपडेटला धाकटी उठली, केस विंचरले, आणि टेबलाशी बसली. रांग लागली, नावं आली, गेली. प्रत्येक नवं नाव उगवलं की तिची नजर तिकडे जाई. तिला पुरतं ठाऊक होतं, की ते नाव येणार नाही. तिने केलेली खूण पक्की होती, तिकडे बटणं व्यवस्थित चालत असणार, औषधवाले कुणाशी तरी बोलतही असतील. काम चोख झालं होतं. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हे एकच असं होतं, की ते फसावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते फसलं नाही.

संध्याकाळी रांग संपली. धाकटीने दोन्ही स्क्रीन बंद केल्या. खोलीत अंधार झाला तसा समोरचा जिना जास्त उजळ दिसायला लागला. तिने फोन घेतला, वहिनीच्या नावापर्यंत गेली, आणि सवयीने काय विचारायचं ते शोधायला लागली. प्रिंटर तर नव्हता. दुसरं काही सुचत नव्हतं. काही न सुचताच तिने फोन लावला.

"कोण, धाकटी?" वहिनीचा आवाज घाबरला. "काय गं, काय झालं? काही बिघडलंय का?"

"नाही गं वहिनी," धाकटी म्हणाली. "काही बिघडलेलं नाही. काम पण काही नाही. सहजच केला."

तोंडावर आलेलं 'बरं, ठेवते' तिने मोठ्या कष्टाने आवरलं.

"थांब हं," वहिनी म्हणाली. "ठेवू नकोस. गॅस बंद करून येते, मग बसून बोलू."

भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज आला. मग पावलं लांब गेली. धाकटी फोन कानाशी घट्ट धरून, ती परत यायची वाट बघत राहिली.